फ्रिजवाल्या काकांचा अंगठा

गारव्याच्या बाबतीत फ्रिजवाल्या काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. नुसता कान लावून ते यंत्राचं दुखणं ओळखायचे. पण स्वतःच्या शरीराचं यंत्र कुरकुरू लागलं, तेव्हा स्वारीने कानाडोळा केला. साखर वाढत गेली, गोळ्या वाढत गेल्या, आणि काकांचं आपलं एकच, "मला काय धाड भरलीय?"

धाड भरली पायाच्या अंगठ्याला. बूट चावला, जखम झाली, ती काही केल्या भरेना. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "साखर खाली आली नाही तर हा अंगठा वाचवणं कठीण आहे. आता इन्सुलिन सुरू करू."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे संपलंच की माझं! एकदा सुई लागली की जन्मभराची, असं म्हणतात."

"म्हणणाऱ्यांचं काय जातंय?" बाई म्हणाल्या. "गोळ्या पुरत नाहीत, म्हणून जोडीला इन्सुलिन. यात हार कसली? साखर जागेवर आली की काहींचं कमी होतं, काहींचं बंदही होतं. तुमचं पुढे बघू. आधी अंगठा."

अंगठा गेला तर एसी दुरुस्तीला शिडीवर चढणार कसे? काका तयार झाले. सुई इतकी बारीक, की पहिल्या दिवशी "टोचली का गं?" असं त्यांनी काकूंनाच विचारलं. मग नेमाने टोचत राहिले, जेवणही आवरतं घेतलं. तरी साखर हटेना, जखम जैसे थे.

"बघ! औषधच कुचकामी," काका भडकले. "उगाच पोटाची चाळण!"

काकूंनी त्यांना तडक दवाखान्यात नेलं. मात्रा बरोबर, टोचायची पद्धत बरोबर. मग बाईंनी विचारलं, "इन्सुलिनची पेनं ठेवता कुठे?"

काकांची छाती फुगली. "ते मला विचारता? घरचा फ्रिज मी स्वतः बनवलाय. गारव्याची कळ शेवटपर्यंत फिरवलेली, पेनं मागच्या भिंतीला टेकवून. इतकं गारेगार औषध कुणाकडे सापडायचं नाही!"

"आमच्याकडे दूधसुद्धा चमच्याने खरवडावं लागतं," काकू म्हणाल्या.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, इन्सुलिन गोठलं की बाद! वितळलं तरी उपयोग नाही. नवी पेनं फ्रिजमध्ये, पण बर्फापासून लांब. आणि वापरातलं पेन फार उकाडा नसेल तर बाहेरच राहतं."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गारव्याची जन्मभर फुशारकी मारली, त्यानेच घात केला होता! घरी जाऊन त्यांनी आधी ती कळ मागे फिरवली. नवी पेनं आणली. औषध आता खरंच लागू पडणार, म्हणून बाईंनी मात्रा नव्याने ठरवली आणि साखर फारच उतरून घेरी आली तर असू द्या म्हणून खिशात साखर ठेवायला लावली. साखरेच्या रोग्याच्या खिशात साखर! काका पोट धरून हसले.

साखर उतरली. जखम हळूहळू भरत आली, आणि अंगठा शाबूत राहिला.

परवा एका आजींनी त्यांना बोलावलं. फ्रिज म्हणे पुरेसा गार होत नाही. काकांनी दार उघडलं, तर मागच्या बर्फाला चिकटून इन्सुलिनची पेनं! काका खाली बसले, बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे केला.

"हे काय रे मेल्या?" आजी ओरडल्या.

"अंगठा, आजी. थोडक्यात वाचलाय. फ्रिज तुमचा ठणठणीत आहे. ही पेनं टाकून द्या, आणि नवी कुठे ठेवायची ते मला विचारा."