दुसऱ्याच्या नावाला ओ

"इकडून बोला. तो कान सरकारजमा झालाय."

कुणी उजव्या बाजूनं बोलायला लागलं की आमचे समोरचे शेजारी हसत वळायचे आणि डावा कान पुढे करायचे. एकाहत्तरच्या लढाईत शेजारीच तोफगोळा फुटला, तेव्हापासून उजव्या कानाला ऐकू येत नाही, एवढंच सांगायचे. त्यापुढचं विचारलं की म्हणायचे, "सोसायटीच्या मीटिंगला फार उपयोगी पडतो. भांडणारा माणूस मी मुद्दाम उजवीकडे बसवतो."

निवृत्त फौजी म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर मिशा आणि करडा आवाज येत असेल. आमचे शेजारी तसे नव्हते. किरकोळ अंगाचे, गुळगुळीत दाढी केलेले, बोलणं मऊ. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून सुटल्यावर एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले आणि परवडलं म्हणून ठाण्याजवळच्या दिव्यात दोन खोल्या घेतल्या, आमच्या समोरच्याच. लोक त्यांना सुभेदार म्हणायचे. ते लगेच अडवायचे, "नाईक, नाईक. उगाच बढती देऊ नका, मग सॅल्यूट करायला माणसं कुठून आणू?"

दिव्यात पाण्याचे हाल तुम्हाला ठाऊक असतील. टँकर आला की आमच्या बिल्डिंगखाली महायुद्ध व्हायचं. ते राहायला आल्यावर हळूहळू बंद झालं. "बादली पुढे, माणूस मागे!" असं म्हणत त्यांनी रिकाम्या बादल्यांची रांग लावायची पद्धत पाडली. बादली उभी राहते, माणूस घरी जाऊन चहा पितो. बादल्या आपसात भांडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा कुणाला खोडता आला नाही.

त्यांच्या घरात बायको होती, आणि एक फार म्हातारी आई. लुगडं नेसणारी, कोकणातल्या बोलीत खणखणीत बोलणारी. दिवसभर तिची हाक ऐकू यायची, "सदूऽऽ, कुटं गेलास रं?" आणि हे जिथं असतील तिथून ओ द्यायचे. त्यामुळे बिल्डिंगमधली सगळी मुलं त्यांना सदूकाका म्हणायची.

मी तिथल्याच शाळेत शिकवते. एकदा प्रजासत्ताक दिनाला आम्ही त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. फळ्यावर लिहायला मी पूर्ण नाव विचारलं, तर त्यांनी भलतंच नाव सांगितलं.

"मग सदू?"

"ते घरचं, बाई."

मला वाटलं, असेल लाडाचं नाव.

त्या दिवशी ते लढाईबद्दल फार बोललेच नाहीत. थंडीत बूट कसे वाळवायचे, डाळीत वाळू आली तर ती कशी खायची, असलंच सांगत बसले. मुलं खूश. मग सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही कधी रडलेलात का?"

"हो," ते म्हणाले. "पण तिकडे नाही. लढाई संपल्यावर. एका घराच्या दारात."

पुढं काही येईल म्हणून सगळे थांबले. त्यांनी खिशातून गोळ्यांची पुडी काढली आणि त्या मुलीलाच वाटायला दिली.

काही वर्षांनी त्यांची बायको अचानक गेली. ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणारा मुलगा दोघांना न्यायला आला. मुलगा भला आहे, सूनही. पण म्हातारी तिथल्या लिफ्टला घाबरली. "ह्या पेटीत मी जित्तेपणी नाय जायची," म्हणून खालीच बसून राहिली. मुलगा तिच्याजवळ जमिनीवर बसला, आजी, आजी करत विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. त्याच संध्याकाळी दोघं पुन्हा दिव्यात.

मग तिचं सगळं ते स्वतः करू लागले. न्हाऊ घालायला, लुगडं नेसवायला पहिल्या दिवशी मला हाक मारली. मला कुठं येतंय नऊवारी नेसवायला! मी आणि ते, दोघं दोन बाजूंनी पदर धरून उभे, आणि मधे म्हातारी ओरडतेय, "अगं बाय, मला काय गोनपाटात बांदताव?" ती हसायला लागली, मग आम्हीही. महिन्याभरात ते माझ्यापेक्षा चांगलं नेसवायला लागले. सकाळी गॅलरीत उन्हाला बसवून तिच्या विरळ केसांची बोटाएवढी गाठ बांधायचे, तेही दुखणार नाही अशा बेतानं.

असंच एकदा मी म्हणाले, "आईचं इतकं करणारा मुलगा मी पाहिला नाही."

त्यांनी फणीतले केस काढले. "माझी आई मी फौजेत असतानाच गेली, बाई. ही सदूची आई."

मग त्यांनी सांगितलं. सदू त्यांच्या खंदकातला जोडीदार, महाडच्या पलीकडच्या खेड्यातला. तो गोळा पडला तेव्हा सदू उजवीकडे होता. तो तिथंच गेला, यांचा कान गेला. लढाई संपल्यावर पहिली रजा मिळाली तशी ते आपल्या घरी जायच्या आधी त्याच्या घरी गेले. तार आधीच पोचली होती. पण आईनं ती मानलीच नव्हती. वर्दीतला माणूस पायवाटेनं चढताना तिला दिसला आणि ती ओट्यावरून ओरडली, "सदूऽऽ!"

"आणि माझ्या तोंडून ओ गेली," ते म्हणाले. "कशी गेली, मला अजून कळत नाही. ती धावत आली. जवळ आल्यावर तिला माझा चेहरा दिसला. मी दारातच बसलो आणि रडलो. तिनंच मला उठवलं. म्हणाली, हातपाय धू, भाकरी टाकते."

त्यानंतर ते दर रजेला तिथं जाऊ लागले. सदूचे वडील गेले, घराची मागची भिंत पडली, तेव्हा तिला घेऊन आले. बायकोला लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, सासू नसलेल्या घरात मला सासू मिळाली.

"इतकी वर्षं ती मला माझ्या नावानंच हाक मारायची," ते म्हणाले. "गाव सुटलं तसं तिचं डोकं हललं आणि मी सदू झालो. तिला तिचा मुलगा मिळाला. मी कशाला मोडता घालू?"

त्यानंतरच्या एका दुपारची गोष्ट. मी खीर घेऊन गेले होते. ते तिला भरवत होते. तिनं मधेच त्यांचा हात धरला.

"सदू, तुज्यासंगती त्यो पोरगा हुता ना? येका कानानं बहिरा. सुट्टीला यायचा आपल्याकडं. त्यो रं कुटं गेला? लय दिवस आला नाय."

त्यांचा चमचा तसाच राहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते भिंतीकडे पाहत होते.

"तो तिकडंच राहिला, आये," ते म्हणाले.

"लडाईत?"

"हं."

म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "गुनाचा हुता रं. माजी लाकडं फोडून द्यायचा. जेवला की ताट सवता घासायचा." पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "त्याच्या आईला कळीवलंस काय?"

"कळवलं."

"बरं केलंस."

त्यांनी तिचं तोंड पुसलं, उरलेली खीर भरवली. मग भांडं घेऊन मोरीत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. नळ चालू नव्हता. त्या दिवशी पाणी आलंच नव्हतं.

पुढच्या पौषात ती झोपेतच गेली. अग्नी त्यांनीच दिला. गुरुजींनी मयताशी नातं विचारलं तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा मुलगाच म्हणाला, "हे मुलगा, मी नातू."

अस्थी तिच्या गावच्या नदीत सोडायच्या होत्या. मुलगा गाडीनं नेणार होता. ते नको म्हणाले. ती आयुष्यभर एसटीनंच आली-गेली. मी आणि त्यांचा मुलगा सकाळी त्यांना ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत सोडायला गेलो. अस्थी सोडल्या आणि ते तिच्या गावातच राहिले. तिची पडलेली भिंत उभी केली, दोन पावसाळे त्या घरात काढले आणि तिथंच गेले. गावानं त्यांना त्याच नदीकाठी पोचवलं. आमच्या समोरच्या दारात आता एक नवं जोडपं राहतं.

मला ते शेवटचे दिसले ते खोपटच्या डेपोत, सुटायला आलेल्या गाडीच्या खिडकीत. मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश. हवेत चांगलाच गारठा होता. ते खिडकीची काच ओढत होते, ती बसत नव्हती. मुलानं खालून हात लावून पाहिला, तरी हलेना. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेव्हा त्यांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि त्या कलशावर नीट, खालपर्यंत ओढून बसवली.