पडद्याच्या मागून पाहिलेला सिनेमा

तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, ठाण्यातच एका कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली होती. नौपाड्यातल्या आमच्या आळीत नोकरीला जाणारी ती पहिलीच मुलगी. सिनेमातल्या नायिकेला मॅनेजर व्हायचं असतं आणि नेमकं कुणीतरी तिच्या दारात तान्हं मूल ठेवून जातं. ती ते कचेरीत टेबलाखाली लपवते. साहेब समोर असताना मूल रडलं की स्वतःच जोरजोरात खोकत सुटते. ताई पोट धरधरून हसली. घरी येऊन तिनं तो खोकला वहिनीला करून दाखवला. वहिनीचे दिवस भरत आले होते. "पुरे गं, आत्ताच बाळंत व्हायचे मी!" ती म्हणाली.

त्या बाळंतपणातून वहिनी उठली नाही. शेवटच्या संध्याकाळी ताई कचेरीतून आली ती तशीच आत गेली, आणि एवढ्या बायका भोवती असताना वहिनीनं लेक तिच्याच ओटीत घातली. झालं. जाणाऱ्या बाईनं ओटीत घातलेलं मूल दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही, असा आमच्याकडचा दंडक. त्या दंडकाचा मला अजून संताप येतो. दादानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. नवी वहिनी पोरीला हात लावायलाही धजेना. ताईची नोकरी सुटली, आणि कडेवर मूल म्हटल्यावर स्थळंही येईनाशी झाली.

पोर सहा-सात वर्षांची झाली तेव्हा गणपतीत आळीत तोच सिनेमा आणला. रस्त्याच्या मधोमध पांढरं कापड. कापडापुढे पुरुष, कापडामागे आम्ही बायका. मागून सगळं उलटं दिसतं, पाट्यांवरची अक्षरंसुद्धा. तरी हसायला काही अडत नाही. टेबलाखाली मूल रडलं, नायिका खोकली, आळी हसून हसून लोळली. मी ताईकडे चोरून पाहिलं. मांडीवरच्या पोरीच्या पाठीवर तिची बोटं टायपिंग करत होती. मला भीतीच वाटली.

पुढे नायिका मूल शेजारणीकडे सोपवून ऐटीत कचेरीला निघाली. आमची पोरही ताईला ताईच म्हणायची. ती म्हणाली, "ताई, मला पण शेजारच्या काकूंकडे ठेवायचंस ना. मग तू पण गेली असतीस."

ताई हसायला लागली. थांबेचना. ते हसणं अजूनही मला झोपेतून उठवतं. पडद्यावर तेव्हा हसण्यासारखं काहीच नव्हतं. पलीकडचे पुरुष माना वाकड्या करून बघू लागले, मागच्या बाजूनं बायकांना काही जास्तीचं दिसतंय की काय.