रंगाऱ्याची कोरी भिंत

रंगारी घरी आला तोच डोकं फिरवून घेऊन. नव्या घराच्या मालकिणीने दिवसभर त्याचा पिच्छा पुरवला होता. एका भिंतीला मोरपिशी रंग, दुसरीवर सोनेरी ठसे, छताला फुलं. "जरा भरलेलं वाटू दे हो!" भरा, काय भरायचं ते भरा. पण ज्याच्या डोळ्यांत आयुष्यभर लोकांची हौस आणि घासलेल्या भिंतींचा भुगा गेला, त्याला स्वतःच्या घरात एक भिंत कोरी हवी होती. खुर्चीसमोरची. पांढरी, सपाट, एक खिळासुद्धा नसलेली. बाकी सगळं घर बायकोचं. तिने फ्रिजला झालर लावली तरी तो हूं की चूं करत नसे.

चपला काढता काढता त्याने समोर पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भिंत खच्चून भरली होती. वडिलांचा फोटो, विणलेला हंस, शिंपल्यांची चौकट, लाकडी पोपट, बंद पडलेलं घड्याळ. सगळं त्याच्या आईचं. आपलं घर मोडून ती नुकतीच इथे राहायला आली होती आणि तेव्हापासून हे सामान खोक्यातच पडून होतं.

"हे कोणी केलं?"

"मी," बायको म्हणाली. "आईंनी किती दिवस पाहुण्यासारखं राहायचं? आणि आवाज खाली, त्या आत पडल्यात."

आवाज खाली म्हणे! तो खुर्चीवर चढला आणि एकेक खिळा उपटू लागला. भिंतीचे पोपडे जमिनीवर पडले. "दिवसभर दुसऱ्यांची घरं सजवायची आणि इथे आलो तरी तोच बाजार? एक भिंत मागितली होती, एक! तीही डोळ्यांत खुपली तुमच्या?"

"तुम्हाला घर कळतच नाही," आता बायकोही पेटली. "तुम्ही काम करता तेव्हा घरं रिकामी असतात. लोक सामानसुमान घेऊन आत येतात, तेव्हा तुम्ही डबे उचलून बाहेर पडलेले असता. माणसं राहतात ते घर पाहिलंय कधी?"

हे वर्मी लागलं, म्हणून त्याला आणखीच चेव आला. हंस खोक्यात गेला, पोपट गेला, वडीलही गेले. लगोलग लांबीचा लगदा कालवून त्याने भोकं बुजवली आणि पात्याने सपाट केली. डोकं ठिकाणावर नसलं तरी हात सराईत होता. आतल्या दारात आई कधीची उभी होती, तिकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

सकाळी तो बाहेर आला, तर आई बाहेर जायची साडी नेसून खुर्चीवर बसली होती. मांडीवर पिशवी, पायाशी दोरीने करकचून बांधलेली खोकी.

"हे काय, आई?"

"माझ्या सामानाने तुमची भिंत बिघडत होती ना? बांधलं सगळं. आता राहिले मी. मला कुठल्या खोक्यात भरणार, तेवढं सांगा."

जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याशी अहोजाहो बोलत होती.

"अगं, असं काय बोलतेस?"

"सांगा ना," ती म्हणाली. "घर तुमचं आहे."