कार्मेल टोबिनच्या कोटेड तारा

कार्मेल टोबिनला मी चाळीस वर्षं ओळखते. त्यातली सव्वीस आम्ही दोघींनी खेकड्याच्या कारखान्यात एकाच पट्ट्यापाशी उभं राहून काढली. त्यामुळे तिच्या हातांबद्दल बोलायचा हक्क तिच्याखालोखाल मला आहे. ॲम्ब्रोजला अजिबात नाही.

ॲम्ब्रोज तिचा थोरला दीर. ॲकॉर्डियन बरं वाजवतो, पण अख्ख्या न्यूफाउंडलंड बेटाला नाचायला यानेच शिकवलं असा तोरा. दर ऑगस्टमध्ये चर्चची गार्डन पार्टी होते आणि संध्याकाळी हॉलमध्ये नाच. स्टेजवर दोन खुर्च्या असतात, एक ॲम्ब्रोजची आणि एक कार्मेलची. एकोणतीस वर्षं ती तिथे बसून गिटारीवर ठेका धरते आहे. ही खुर्ची तिला नवऱ्याने दिली नाही, फादरनी दिली नाही, आणि दिराने तर मुळीच दिली नाही.

घोटाळा झाला तो हातांमुळे. खाऱ्या पाण्यात आणि बर्फात इतकी वर्षं गेली की बोटांच्या टोकांना भेगा पडतात, त्या पुन्हा नीट मिटत नाहीत. त्यात हिचा घाम असा की नवी तार तीन दिवसांत काळी पडते. राहिलेलं काम समुद्रावरचं धुकं करतं. गंजलेली तार भेगेत शिरली की काय होतं ते मी बघितलं आहे. गेल्या वर्षी शेवटच्या नाचाच्या वेळी गिटारीच्या दांडीवर रक्त होतं, आणि ही बाई मान खाली घालून वाजवतच होती.

"अगं, तारा उकळ की!" ॲम्ब्रोजचं उत्तर ठरलेलं. आमच्याकडे सगळेच तारा उकळतात. दहा मिनिटं पातेल्यात ठेवल्या की मळ सुटतो आणि दोन दिवस आवाज पुन्हा खणखणीत होतो. ॲम्ब्रोजच्या घरी तारांचं आणि बटाट्यांचं पातेलं एकच आहे, म्हणून मी त्याच्याकडे जेवत नाही.

"उकळून तार साफ होईल. माझी बोटं कुठल्या पातेल्यात घालू?" कार्मेल म्हणाली, आणि जूनमध्ये मला गाडीत घालून सेंट जॉन्सला घेऊन गेली.

तिथल्या वाद्यांच्या दुकानात केसांची शेंडी बांधलेला एक माणूस होता. त्याने कोटेड तारांची पाच-सहा पाकिटं मांडली. तारेवर पातळ लेप असतो, घाम आणि खारं वारं आत शिरत नाही, बोटालाही गुळगुळीत लागतं, असं सगळं त्याने नीट सांगितलं. मग एक पाकीट पुढे सरकवलं. "ही घ्या. आवाज मऊ, उबदार."

"मऊ घेऊन काय करू? शेजारी ॲकॉर्डियन असतं आणि समोर सोळा बूट आपटत असतात."

"लेप म्हटला की आवाज थोडा दबतोच, बाई. खोटं कशाला सांगू?"

"मग मुळात जी जास्त किणकिणते ती तार दे. दबून दबून कितीशी दबेल?"

तो माणूस हसला, पण तिच्याकडे बघायची त्याची नजर बदलली. दीड तास ती खणून खणून विचारत होती. लेप जाड की पातळ, वरची बारीक तार आधी गुंडाळून मग लेप की आधी लेप, खालच्या दोन न गुंडाळलेल्या तारांचं काय. शेवटी तिने पितळी रंगाची, सगळ्यात पातळ लेपाची, हलक्या जाडीची निवडली, आणि दोन पाकिटं घेतली. हलक्या जाडीची का, ते दुकानात बोलली नाही. परतताना गाडीत म्हणाली, "फिलो, माझं मधलं बोट हल्ली पूर्ण वळत नाही, जाड तार दाबवत नाही. कोणाला बोलू नकोस." मी आत्तापर्यंत बोलले नव्हते. आता तिनेच परवानगी दिली आहे.

रविवारी तिने माझ्या स्वयंपाकघरात सलग दोन तास वाजवलं. मग दोन्ही हात माझ्यासमोर पसरले. एकही भेग उघडली नव्हती. मला रडू आलं, त्यात लपवायचं काय?

ॲम्ब्रोजच्या कानावर गेलंच. "प्लास्टिक!" तो गावातल्या दुकानाच्या दारात चार जणांना सांगत होता. "पावाची पिशवी चोळल्यासारखा आवाज येतो!"

आमच्या गावात दाराला कुलूप नसतं. मंगळवारी आम्ही दोघी कामावर असताना हा तिच्या घरात शिरला, गिटारीच्या तारा काढल्या, उकळल्या, भांडी घासायच्या तारेच्या चोथ्याने खसाखसा घासल्या आणि परत चढवल्या. आम्ही आलो तेव्हा लेपाच्या चिंध्या लोंबत होत्या, आणि हा चहा पीत बसला होता.

"प्लास्टिक काढून दिलं तुला," तो म्हणाला. "आभारबिभार नकोत."

उपकार केले असं त्याला खरंच वाटत होतं. माझं डोकं त्यानेच जास्त फिरलं.

कार्मेलने आवाजसुद्धा चढवला नाही. "ॲम्ब्रोज, माझ्या घरात ये, चहा पी, फ्रिज रिकामा कर. पण माझ्या गिटारीला परत हात लावलास तर तुझ्या ॲकॉर्डियनच्या भात्यात कॉडमासे भरून ठेवीन."

तो लालबुंद झाला. "मग ऐक. स्टेजवर असल्या तारा चालायच्या नाहीत. नाचणाऱ्यांना ऐकू येत नाहीत. साध्या तारा लाव, नाहीतर माझ्या शेजारी बसू नकोस."

माझ्या शेजारी म्हणे! एकोणतीस वर्षांनी!

पार्टीच्या दिवशी सकाळी तिने दुसरं पाकीट फोडलं. संध्याकाळी हॉल गच्च भरला. बिटाने गुलाबी झालेल्या बटाट्याच्या सॅलडच्या थाळ्या उचलल्या गेल्या आणि आठ जण नाचायला उभे राहिले. कार्मेल स्टेजवर चढली. ॲम्ब्रोजने तिच्या तारांकडे बघितलं, आणि सगळ्यांसमोर आपली ॲकॉर्डियनची रिकामी पेटी तिच्या खुर्चीवर ठेवली.

कार्मेलने पेटी उचलून अलगद खाली ठेवली. मग खुर्ची उचलली, तीन पायऱ्या उतरली, आणि नाचणाऱ्यांच्या बरोब्बर मधोमध ती मांडून बसली.

"वर ये, कार्मेल! तमाशा करू नकोस."

"नाचणाऱ्यांना ऐकू येत नाही म्हणालास ना? आले त्यांच्याजवळ. धर धून."

त्याने धरली, आणि हेतू काय तो आम्हाला लगेच कळला. पहिला फेरा रंगात आला तोच त्याने भाता मिटला आणि हाताची घडी घालून बसला. धून गेली तर नाच मोडतो. बूट अडखळले. कार्मेलची गिटार थांबली नाही.

वाद्य नसलं की आमच्याकडे तोंडाने धून म्हणतात, डिडल-डी-डाय करत. माझा आवाज बेसूर आहे, हे मला घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं आहे. तरी मी उठले आणि सुरू केलं. मग थाळ्या धुणारी जेनेव्हिव्ह ओल्या हातांनी बाहेर आली आणि तिने सूर लावला. मग भिंतीकडेचे म्हातारे. दुसऱ्या फेऱ्यापर्यंत अर्धा हॉल धून म्हणत होता, सोळा बूट फळ्यांवर आदळत होते, झगे गिटारीला घासून जात होते. आणि त्या गदारोळात तिचा प्रत्येक फटका मला दारापाशी ऐकू येत होता. असा अभिमान मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता.

तिसऱ्या फेऱ्याला ॲम्ब्रोज उठला. एका हातात ॲकॉर्डियन आणि दुसऱ्या हातात आपली खुर्ची घेऊन तो पायऱ्या उतरला. नाचणाऱ्यांनी वाट दिली. त्याने खुर्ची तिच्याजवळ मांडली आणि उभाच राहिला.

कार्मेलने मान वर केली नाही. "बसायचं तर बस. ठेका माझा आहे, मागून ये."

तो बसला, आणि मागून आला.