भेटायची वेळ

गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. बत्तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढून त्या निवृत्त झाल्या आणि बाहेरच्या खोलीत माशांची टाकी आली. टाकीत डिस्कसची जोडी. बशीसारखे गोल, निळ्या अंगावर तांबड्या रेघा. रोज थोडं पाणी बदलायचं, तापमान बघायचं. शिस्त वॉर्डातलीच.

जोडीने पाच वेळा अंडी घातली आणि पाचही वेळा स्वतःच खाल्ली. जोडी विकणाऱ्या दुकानदाराने हात टेकले. मादीतच खोट आहे म्हणाला. आता खाल्ली तर जोडी परत आणा, दुसरी देतो. सिस्टरच्या ते मनाला लागलं. वॉर्डात कितीतरी जणींबद्दल असंच बोललेलं त्यांनी ऐकलं होतं. ते खोटं ठरलेलंही पाहिलं होतं.

सहाव्यांदा अंडी दिसली. टाकीत ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर, खसखशीएवढी. सिस्टरनी डोळ्यांत तेल घातलं. तासातासाला काचेला नाक लावायचं, टॉर्च मारायचा, वहीत टिपायचं. दुपारपर्यंत मादीने दोन अंडी गिळली.

यजमान पेपर वाचत होते. बायकोच्या कामात ते जन्मात कधी बोलले नव्हते. चष्मा काढून म्हणाले, "अगं, सारखं डोकावणाऱ्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर कोण काढायचं?"

सिस्टर उठल्या. कपाटातून जुनी चादर काढून त्यांनी टाकीवर सोडली. आपली खुर्ची स्वयंपाकघरात नेली. आठ दिवस त्या टाकीकडे फिरकल्या नाहीत. खाणं आणि पाणी यजमानांकडे. तेही वरून, हळूच. काही विचारलं तर ते रुबाबात सांगत, बाळंतीण बरी आहे.

नवव्या दिवशी सकाळी सिस्टरनी चादरीचा कोपरा उचलला. मादीच्या दोन्ही कुशींना टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं बिलगली होती. आईच्या अंगावरचा चिकटा हेच त्यांचं दूध. ऐंशी तरी असतील. मादी थकली की अंग झटकून पिल्लं नराकडे सोपवी, आणि तो मुकाट उभा राही.

"असा बाप बत्तीस वर्षांत पाहिला नाही," सिस्टर म्हणाल्या. यजमानांनी पेपर तोंडासमोर धरला.

संध्याकाळी दुकानदार आला. बघतच राहिला. मग म्हणाला, ही जोडी मला द्या, बदल्यात हव्या त्या दोन घेऊन जा. सिस्टरनी नुसती नकाराची मान हलवली. तो आणखी वाकला, काचेवर बोट टेकवणार, तोच चादर खाली आली.

"भेटायची वेळ संपली," सिस्टर म्हणाल्या. आवाज वॉर्डातला. दुकानदार चपला हातात घेऊनच बाहेर पडला.