दुसरं साउंड कार्ड

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. विषय निघाला की चहाचं बघायला उठायचो.

मुलगा परदेशात, टॅला नावाच्या गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर. २०२० च्या सुरुवातीला त्याच्याकडे थोड्या दिवसांसाठी गेलो आणि अडकलो. दुसरी लाट आली तरी तिथेच होतो. मुलगा कामावरून आला की माझ्याशी दाराबाहेरूनच बोलायचा. वेळ जावा म्हणून मी बॅगेतून नेलेल्या दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, गाण्यांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवत बसायचो.

कॉम्प्युटरच्या मूळ साउंड कार्डाला स्पीकर होते. कॅसेटींसाठी मी दुसरं कार्ड मागवलं. त्याला प्लेअर आणि हेडफोन जोडले. त्याची एक खोड होती. ते लावलं की कॉम्प्युटर सगळाच आवाज हेडफोनकडे वळवायचा. कॉल घेण्याआधी स्पीकर परत निवडावे लागत. मला हे पाठ होतं.

त्या दुपारी कॅसेट चालू असताना पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. दादा ऑक्सिजनवर होता. आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून पुतण्याने स्वतःचा फोन वॉर्डबॉयजवळ दिला होता. पडद्यावर दादाचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"माइक बंद आहे तुमचा!" मी ओरडलो.

वॉर्डबॉयने फोन उलटसुलट करून पाहिला.

"अहो, नीट बघा! रेडिओवर जन्म काढलाय मी, मला कळतं!"

दादाने मास्क बाजूला केला आणि पुन्हा बोलला. टेबलावर हेडफोन बारीक चिरचिरत होते. मला वाटलं, कॅसेटच.

मग कॅसेटची बाजू संपली. प्लेअरचं बटण खटकन वर आलं. हेडफोन चिरचिरतच राहिले.

ते कानाला लावले तेव्हा वॉर्डबॉय बोलत होता. "दमले ओ आजोबा. ठेवतो आता. तुमचं सगळं ऐकू येतंय इकडं."

म्हणजे माझं ओरडणं दादाने ऐकलं होतं.

पहाटे तो गेला. पुतण्याचा फोन आला. "काका, माझाच फोन टुकार. बाबांना काय सांगायचं होतं, कोण जाणे."

"असेल," मी म्हणालो.

त्याने तो फोन दुरुस्तीला नेला. काही बिघाड नाही, असं दुकानदार म्हणाला. त्याला ते पटलं नाही.

पुढे पुण्याला गेलो. वहिनी माझ्यादेखत त्याला म्हणाली, "शेवटच्या वेळी तरी धड फोन द्यायचास." एवढा मोठा बाप्या, पण मान खाली घालून बसला.

"अरे, त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"बोला ना, काका."

"काही नाही. चहा टाकतोस का?"

तो उठून आत गेला. बोलायचं होतं ते एवढंच: तुझा फोन चांगला होता रे. दादाचा आवाज माझ्या टेबलावर येऊन पडला होता. मला माफ कर.