लॅपटॉपला फूल वाहिलं, फाइल उघडली नाही

मंडळी, आजचीच गोष्ट आहे, म्हणून लगेच लिहिते.

दुपारी शेजारच्या वैशालीच्या नवऱ्याचा परळच्या हॉस्पिटलातून फोन आला. बाळंतपणात रक्तस्राव थांबत नव्हता आणि बी निगेटिव्ह रक्त ताबडतोब हवं होतं.

लालबागच्या आमच्या मंडळाकडे रक्तदात्यांची यादी आहे. मी धावत मंडळाच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या नव्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये यादीची फाइल उघडली. नावांच्या जागी नुसती à¤¸à¥ असली चिन्हं. फोन नंबरही गेले, कारण आकडेसुद्धा मराठीतच हवेत असा हट्ट सभेत मीच धरला होता.

आमचे सेक्रेटरी दामूकाका म्हणाले, "सरक, तो कचरा पुसून सेव्ह करतो."

"काका, हात लावू नका." मी त्यांच्यावर चक्क ओरडले. फाइल शाबूत होती, एक्सेल ती चुकीची वाचत होतं. सेव्ह केलं असतं तर सगळंच गेलं असतं.

फाइल तशीच बंद केली. एक्सेलमध्ये पुन्हा आत घेताना अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची ते विचारतं; तिथे मराठी नीट वाचणारं यूटीएफ-८ निवडायचं होतं, घाईत दोनदा भलतंच निवडलं. तिसऱ्यांदा नावं मराठीत आली.

बी निगेटिव्ह तिघेच. दोघांचे फोन लागले नाहीत. तिसरा फणसवाडीचा, तो भरल्या ताटावरून उठून टॅक्सीत बसला. वैशाली आता शुद्धीवर आहे.

दसऱ्याला त्या नव्या लॅपटॉपला आम्ही हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. त्यावर ही यादी उघडते का, ते कोणी पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

तुमच्या मंडळाची यादी तुम्ही शेवटची कधी उघडलीत?